पाण्याचा दिवस

देवपुरात आमच्या गल्लीला
आठव्या दिवशी पाणी येतं.
मधल्या सात दिवसांना मी नावं ठेवत नाही,
दोन्ही अर्थांनी.

कॉलेजात भूगोल शिकवतो, तासिका तत्त्वावर.
मे महिन्यात तासिका नसतात,
तत्त्व तेवढं उरतं.
ते बनियनवर, कूलरसमोर उताणं पडून असतं
छताच्या पोपड्यांत तापीचं खोरं शोधत.
उपनद्या सापडतात. अनेर, बोरी, पांझरा.
उठायचं कारण सापडत नाही.

दुःख म्हणावं असं काही घडलेलं नाही,
हीच तर पंचाईत.
कुणी विचारलंच तर दाखवायला
एक धड अपघातसुद्धा नाही.
वय एक्केचाळीस. दाढी नऊ दिवसांची.
कढईत परवाची शेवभाजी,
तिच्यावर लाल तवंग, वाळून तडकलेला.
मोबाईलमध्ये तीनशे बारा नंबर,
सगळे कुठल्या ना कुठल्या लग्नातून
नुकतेच घरी परतलेले, दमलेले.
रविवारी नंदुरबारहून ताईचा फोन येतो.
"जेवला का?"
"जेवलो."
एवढ्यावर आम्ही भावंडं आठवडा काढतो.

आणि आठव्या दिवशी, पहाटे साडेतीनला,
खिडकीच्या गजांवर काठी वाजते:
"ओ सर! पानी उनं! ऊठ भो!"

हिलालनाना. बत्तीस वर्षं एसटीच्या डेपोत
गिअरबॉक्स उघडले,
आता गल्लीचे डोळे उघडतात.
त्यांना कुणी नेमलेलं नाही.
मी उठतो. आशेबिशेनं नाही,
पिंप रिकामं असतं म्हणून.
नळीतून आधी हवा येते, खोकल्यासारखी,
मग गढूळ,
मग पाणी.
मीही साधारण त्याच क्रमानं जागा होतो.
गल्लीत सगळे पायजम्यात, गाऊनमध्ये,
हातात नळ्या धरून उभे.
काय चाललंय, असं कुणी कुणाला विचारत नाही.
काय चाललंय ते पायाखालून वाहत असतं.

गेल्या गुरुवारी काठी वाजली नाही.
लाईट गेली होती, कूलर बंद,
म्हणून कुणाची तरी टाकी ओसंडताना ऐकू आली.
पहिला विचार आला: बरं झालं, पडून राहू.
दुसरा यायला पाच-सात मिनिटं लागली.
लपवत नाही.

फरशी त्या वेळीही कोमट होती.
नानांची कडी वाजवली. पुन्हा वाजवली.
"नाना, पाणी आलंय!"
काही नाही.
मग माझ्याच तोंडून,
आई गेल्यापासून जी बोली
वर्गात चालत नाही म्हणून
आणि घरात ऐकायला कुणी नाही म्हणून
जिभेखाली ठेवून दिली होती, ती:
"नाना! पानी उनं! ऊठा ना!"

आतून आधी खोकला.
मग काहीतरी गढूळ.
मग नाना.

"डोया लागी गया व्हता," म्हणाले,
आणि उंबऱ्यावर बसले, बराच वेळ.
छाती चोळत होते की बनियन सारखं करत होते,
अंधारात कळलं नाही.
मग दारामागची काठी माझ्याकडे सरकवली.
"जाय, बाकीस्ले उठाड."

सतरा खिडक्या.
चौथ्या खिडकीतून शिवी आली,
अकरावीतून एका बाईनं विचारलं, "नाना कोठे शेत?"
मी चालत गेलो, गज वाजवत,
वर्गात हजेरी घेताना लागतो
तो आवाज लागला होता.

परत येईतो नळ गेला होता.
माझं पिंप अर्धं. कढई तशीच.
दाढीबद्दल न बोललेलं बरं.
अर्ध्या पिंपात आठ दिवस निघत नाहीत,
त्यामुळे रोज संध्याकाळी
कुणाकडे तरी बादली मागायला
दार उघडावं लागतं.
काल नानांकडे गेलो तर
बादलीबरोबर कळण्याची अर्धी भाकर आली
आणि मिरचीचा ठेचा, न विचारता.

काठी माझ्याकडेच आहे, कूलरला टेकवून.
परत द्यायची की ठेवायची,
ते नाना बोलले नाहीत.
मीही विचारलेलं नाही.
कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकोनात
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
साडेतीन.